कळफलकाचा रोख कोणाकडे?

संगणक घरोघरीं येऊन आतां बराच काळ लोटला. ज्या अंधेरींत १९७३ सालीं सीप्झची वसाहत स्थापन झाली आणि जेथील कितीतरी मंडळी आज संगणकावरच उपजीविका करतात, तेथें आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांचीं कामें एकाच यंत्रावर चालणें ही नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. तथापि एक साधा प्रश्न फारच थोड्यांच्या मनांत येतो. पडद्यावर दहा रकाने व पांच बटणें मांडलेलीं असतां आपण कळ दाबली, तर तें अक्षर नेमकें जातें कोठें?

टंकलेखनयंत्रावर हा प्रश्नच नव्हता. कागद एक, अक्षर उमटण्याची जागा एक. संगणकाच्या चित्रमय पडद्यावर मात्र खिडक्या अनेक आणि कळफलक एकच. म्हणून व्यवस्था अशी केलेली असते कीं, कोणत्याहि क्षणीं एकच खिडकी जागी समजावयाची, व तिच्यांतील एकाच घटकाकडे कळफलकाचा रोख असावयाचा. यासच तज्ज्ञ लोक फोकस म्हणतात. (आमचा रोख म्हणजे नगद पैसा नव्हे, बंदुकीचा असतो तसा रोख.) तो पुढच्या घटकावर नेण्यास टॅबची कळ, मागें आणण्यास शिफ्टसह टॅब. ही टॅबची कळहि मूळची टंकलेखनयंत्रावरचीच. कोष्टकांतील आंकडे एकाखालीं एक नीट यावेत म्हणून तिची योजना झाली होती.

१९६८ सालीं डग्लस एंगेलबार्ट यांनीं सॅन फ्रान्सिस्को येथें माऊसचें जाहीर प्रात्यक्षिक करून दाखविलें. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशच्या कळफलकावर तर बाणांच्या कळाच ठेविल्या नव्हत्या. लोकांनीं माऊस वापरावाच, हा हेतु. आमच्या मतें ही निव्वळ सक्ती होती, आणि ती टिकलीहि नाहीं. १९८६ च्या मॅकिंटॉश प्लसवर बाण आले.

रोख कोठें आहे हें दिसावें म्हणून त्या घटकाभोंवतीं एक चौकट उमटते. कांहीं रचनाकारांस ती कुरूप वाटते व ते ती पुसून टाकतात. जिन्यावरचा दिवा भिंतीस शोभत नाहीं म्हणून काढून टाकावा, तसेंच हें. दुसरा दोष रोख हिसकावण्याचा. आपण पासवर्ड लिहीत असतों, तोंच भलतीच खिडकी उसळून पुढें येते. उरलेलीं अक्षरें तिच्यांत पडतात, आणि एंटर दाबतांच न वाचलेल्या प्रश्नास 'होय' असें उत्तर जातें.

डोळस माणूस माऊस उचलून यांतून वाट काढतो. ज्यास दृष्टि नाहीं, त्याचें बहुतेक काम रोखावर अवलंबून. पडद्यावरील मजकूर बोलून दाखविणारी आज्ञावली, उदाहरणार्थ मायकेल करन यांनीं ऑस्ट्रेलियांत २००६ सालीं आरंभिलेली मोफत एन्व्हीडीए, रोख जेथें असेल तेथील मजकूर ऐकविते, मराठींतहि ऐकविते. आतां अंधेरीच्या एखाद्या दृष्टिहीन गृहस्थानें बँकेचें पान उघडलें, असें समजा. त्यांनीं रक्कम भरली, ओटीपीची चौकट उघडली, पण रोख तिच्यांत न जातां मागच्याच पानावर राहिला. यंत्र मागचेंच वाचीत राहतें. चौकट उघडली हेंच त्यांस कळत नाहीं, आणि ओटीपीची मुदत संपते. मग कोणास तरी हांक मारावयाची, व आपलें खातें, शिल्लक, ओटीपी सर्व त्याच्यापुढें उघडें करावयाचें. हांकेस धांवणारा पुतण्या सद्गुणी असला, तरी स्वतःचा पैसा स्वतःस हाताळतां न येणें कोणास रुचेल?

वास्तविक नियम सरळ आहे. चौकट उघडतांच रोख तिच्यांत जावा, ती मिटेपर्यंत तेथेंच फिरावा, आणि मिटल्यावर जेथून निघाला त्याच बटणावर परत यावा. सर्व व्यवहार कळफलकानें करतां यावेत व रोख दिसावा, अशीं कलमें वेबच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता-नियमावलींत २००८ पासून आहेत. रोख असलेला घटक दुसऱ्या पट्टीखालीं पुरता झांकला जाऊं नये, हें २०२३ सालीं जोडलें गेलें. आपल्याकडे दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. पुढें प्रज्ञा प्रसून व दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या अर्जांवर, डोळे मिचकावून ओळख पटविण्याच्या सक्तीसंबंधानें, सर्वोच्च न्यायालयानें ३० एप्रिल २०२५ रोजीं निकाल दिला. डिजिटल सेवा मिळणें हा जीविताच्या हक्काचाच भाग होय, असें ठरवून न्यायालयानें २० निर्देश दिले.

वाचकांनीं घरीं एक प्रयोग करावा. माऊस काढून ठेवावा, आणि टॅब, बाण, एंटर, स्पेस व एस्केप एवढ्यावर वीजबिल शेवटपर्यंत भरून पाहावें. चौकट जेथें दिसेनाशी होईल ती पायरी टिपून संबंधितांस तसें लिहावें. 'पान चालत नाहीं' एवढ्या तक्रारीनें दुरुस्ती करणाऱ्यास कांहींच उमगत नाहीं.