गॅदरिंगच्या अलीकडचं नाटक

हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यासारख्या गावात ‘शाळेतलं नाटक’ म्हटलं की गॅदरिंगच डोळ्यांपुढे येतं. पटांगणातलं स्टेज, किरायाचा मंडप, कानठळ्या बसवणारा साउंड आणि दाढी सारखी करत तलवार सांभाळणारा पाचवीतला शिवाजी. दुपारच्या तासाला फळ्यासमोर, एकही प्रेक्षक नसताना झालेलं नाटक कुणाच्या आठवणीत नसतं. या दुसऱ्या नाटकासाठी शाळेचं दार अनेकदा किलकिलं झालं, पण सताड उघडलं असं काही म्हणता येत नाही.

खरं तर या भागातल्या पोरांना सोंग नवं नव्हतं. गोंधळी, वासुदेव, बहुरूपी दारात येत. देवळात कीर्तन आणि भारूड. पैठणच्या नाथांनी भारुडात जोशी, वासुदेव, गोंधळी अशी कितीतरी पात्रं बोलती केली, आणि ती बिनपडद्याची. जिल्ह्यात संत नामदेवांचं नर्सी नामदेव आहे, हिंगोलीच्या दसऱ्यात रामलीला असते. एकच माणूस क्षणात दुसरा होतो, हे पोरगं शाळेत नाव घालायच्या आधीच पाहून असायचं. शाळेत आलं की मात्र हाताची घडी, तोंडावर बोट.

मराठी शाळेत नाट्याचा शिरकाव झाला त्यात एका मास्तरचाच मोठा वाटा आहे. शंकर काशीनाथ गर्गे म्हणजे ‘दिवाकर’, पेशाने शिक्षक. 1911 पासून त्यांनी नाट्यछटा लिहिल्या. बोलणारा एकच, बाकीची माणसं ऐकणाऱ्याने मनात उभी करायची. नेपथ्य नको, खर्च नको. गरीब शाळेला याहून सोयीचा प्रकार कुठला? पण स्पर्धांनी नाट्यछटेला वक्तृत्वाच्या रांगेत बसवलं, आणि शिकवलेले हातवारे करत पोरं पाठांतर म्हणू लागली.

1959 साली मुंबईत सुधा करमरकरांनी ‘लिटल थिएटर’ काढलं आणि रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आलं. 1962 मध्ये मतकरींनी स्वतःची ‘बालनाट्य’ ही संस्था सुरू केली. सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. पुढे त्यांच्या ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेच्या ‘चंद्रशाळे’तून ‘दुर्गा झाली गौरी’सारखं नाटक उभं राहिलं. 1986 मध्ये मोहन आगाशे यांनी बर्लिनची ग्रिप्स चळवळ पुण्यात आणली. तिथे मोठी माणसं मुलांच्या भूमिका करतात आणि मुलांच्या खऱ्या कटकटींवर बोलतात. हे सगळं मोलाचंच. पण ते मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत घडलं, आणि त्याच्या केंद्रस्थानी ‘प्रयोग’ होता. आमच्याकडे पोहोचली ती त्याची सावली, म्हणजे स्पर्धेचं बालनाट्य, तेही बहुधा तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावापर्यंतच.

इंग्लंडमध्ये पीटर स्लेड यांनी 1954 च्या ‘चाइल्ड ड्रामा’ या पुस्तकात हाच फरक मांडला होता. मूल आपणहून जे नाटक खेळतं ते वेगळं आणि लोकांसमोर जे सादर केलं जातं ते वेगळं. लहान वयात पहिल्याला जपावं. दुसऱ्याचा बडेजाव आपण मनापासून केला. पहिलं ‘नाट्यीकरण’ या नावाने डी.एड.च्या पाठ टाचणात आलं आणि बहुतेक ठिकाणी टाचणातच राहिलं.

दार सर्वांत जास्त उघडलं ते 2010 मध्ये. शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिलला लागू झाला आणि ऑगस्टमध्ये राज्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय काढला. वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाच्या तोंडी कामात प्रश्नोत्तरं, प्रकट वाचन यांच्याच ओळीत भूमिकाभिनय बसला. पहिली-दुसरीला आकारिकचे गुण सत्तर टक्के! म्हणजे भाषेच्या, परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांकडून सोंग करून घेणं आता सरकारमान्य झालं. घडलं काय, तर वर्णनात्मक नोंदींची छापील पुस्तकं बाजारात आली. ‘संवाद योग्य आवाजात म्हणतो’, ‘नाट्यीकरणात आवडीने भाग घेतो’ अशी वाक्यं पोरागणिक उतरवली गेली. दोन मास्तरांवर चार वर्ग असलेल्या शाळेत याहून वेगळं होणं अवघड होतं, हेही मान्य केलं पाहिजे. तरी त्या वह्यांतली वाक्यं आणि वर्गातली शांतता यांचा मेळ बसत नाही.

जिथे कुणी असा सोंगाचा तास खरोखर घेतो, तिथे काय होतं? हिंगोली हा हळदीचा जिल्हा. तिसरी-चौथीला वजनमापं शिकवायची आहेत, तर वर्गात हळदीचं बीट, म्हणजे लिलाव, लावा. दप्तरांची पोती करा, एकाला आडत्या करा, एकाला मापाडी, दोघं-तिघं हमाल, चार व्यापारी. शेतकरी व्हायला आधी कुणी पुढे येत नाही. सगळ्यांना व्यापारीच व्हायचं असतं! मग एखादी न बोलणारी पोरगी शेतकरीण होते. बोली सुरू झाली, भाव पडला, की ती पोतं धरून बसते, “इतक्यात नाही देत, घरी नेते.” क्विंटल, तूट, आडत, हमाली हे सगळं फळ्यावर मांडावंच लागतं, कारण व्यापारी वजनात गडबड करतो आणि पोरं भांडायला उठतात. इथे गुरुजींनी गप्प बसायचं नाही. ‘बाजार समितीचा सचिव आलाय’ म्हणून त्यांनीही त्यात घुसायचं. बाहेर उभं राहून ‘मोठ्याने बोल, तोंड समोर कर’ म्हटलं की त्याचं लगेच गॅदरिंग होतं. चार वर्ग एकत्र बसणं ही इतर तासांची अडचण. या तासाला मात्र माणसं जितकी जास्त तितकं बरं.

2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने नाट्याला कलाशिक्षणात मानाची जागा दिली, 2020 च्या शैक्षणिक धोरणाने कला इतर विषयांत मिसळायला सांगितलं. कागद कधीच कमी पडला नाही. मला अडचण दिसते ती प्रशिक्षणात. नाट्यीकरणावर तासभर स्लाइड दाखवल्या जातात, पण शिक्षकाला स्वतः कुणी उठवून सोंग करायला लावत नाही. आणि ज्याने स्वतः कधी वेडंवाकडं करून पाहिलं नाही, तो चाळीस पोरांसमोर सचिव कसा होणार? केंद्राच्या शिक्षण परिषदेत एका दुपारी केंद्रप्रमुखांसकट सगळ्यांनी हळदीचं बीट लावून पाहायला हरकत नाही. फक्त त्या दिवशी ग्रुपवर टाकायला फोटो काढू नयेत, नाहीतर सगळे पुन्हा कॅमेऱ्याकडे तोंड करून उभे राहतील.