सहकार्य-मंचाचे विकसन : नेहमीच्या चुका व व्यावहारिक उपाय
(शेअरपॉइंटच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
नागपुरातील प्रताप नगरला लागून असलेल्या गायत्रीनगर-परसोडी येथील आय.टी. पार्कमुळे या परिसरात संगणक-व्यावसायिकांचा मोठा वर्ग निर्माण झाला आहे. मोठ्या संस्थांमधील दस्तऐवज, याद्या व मंजुरीची प्रक्रिया एकत्र आणणारे सहकार्य-मंच हे या वर्गाच्या कामाचे एक क्षेत्र होय. मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये बाजारात आणलेले 'शेअरपॉइंट' हे त्याचे ठळक उदाहरण आहे. महाविद्यालयेही आता अशा मंचांचा वापर करीत असल्याने त्यातील चुका प्राध्यापकांनीही समजून घेणे गरजेचे आहे.

१) मराठी स्तंभनामे : यादीत स्तंभ तयार करताना त्याचे एक अंतर्गत नाव कायमचे ठरते. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाचे तेथे सात अक्षरी संकेतात रूपांतर होते आणि अंतर्गत नाव ३२ अक्षरांवर तोडले जाते. 'नाव' या तीन चिन्हांच्या शब्दालाच २१ अक्षरे लागतात. 'विद्यार्थ्याचे नाव' व 'विद्यार्थ्याचे गाव' हे दोन्ही स्तंभ पाचव्या चिन्हातच तुटतात. मग दुसऱ्याला केवळ एक अंक जोडून वेगळे केले जाते. परिणामी प्रमाणपत्रावर नावाऐवजी गाव छापले जाण्याचा धोका संभवतो. उपाय सोपा आहे. स्तंभ प्रथम रोमन लिपीतील लहान नावाने तयार करावा व नंतर दर्शनी नाव मराठीत बदलावे. अंतर्गत नाव त्यामुळे बदलत नाही.

२) शोधातील विसंगती : 'कर्मचाऱ्यांची' या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. पडद्यावर शब्द सारखाच दिसतो, परंतु संगणकाच्या दृष्टीने ते भिन्न शब्द असतात. शोधात नोंद न सापडल्यास ती अस्तित्वातच नाही, असा गैरसमज होतो. म्हणून माहिती साठविताना व शोधताना लेखन एकाच प्रमाण रूपात आणावे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधील मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा.

३) पाच हजारांची मर्यादा : एका यादीत तीन कोटी नोंदी ठेवता येतात, मात्र एका दृश्यासाठी पाच हजारांहून अधिक नोंदी चाळाव्या लागल्यास मंच ती विनंती नाकारतो. एकाच्या मागणीमुळे संपूर्ण कोष्टक अडून इतरांचे काम थांबू नये, हा त्यामागील हेतू आहे. चाचणीच्या शंभर नोंदींवर हा दोष दिसत नाही. तो प्रत्यक्ष वापरात, काही वर्षांनी उद्भवतो. ज्या स्तंभांवरून निवड होणार आहे त्यांची अनुक्रमणिका यादी वाढण्यापूर्वीच तयार करावी.

४) परवानग्या : प्रत्येक दस्तऐवजास स्वतंत्र परवानगी देण्याची सवय घातक ठरते. कोणास काय दिसते हे पुढे कोणालाच सांगता येत नाही आणि गोपनीय अहवाल नको त्याच्या हाती पडतो. गोपनीय कागदपत्रांसाठी स्वतंत्र ग्रंथालय ठेवावे. परवानगी व्यक्तीस न देता गटास द्यावी व तिची दर सत्रात तपासणी करावी.

समारोप :
वरील चारही चुकांचे मूळ एकच आहे. मंच लहान प्रमाणावर, इंग्रजी माहितीवर व एकाच व्यक्तीच्या अधिकाराने तपासला जातो. प्रत्यक्ष वापर मात्र मोठा, मराठी व अनेकांचा असतो. संगणकशास्त्राच्या प्रकल्पांत विद्यार्थ्यांकडून सुरुवातीपासूनच अशा माहितीवर चाचणी करून घेतल्यास या चुका बऱ्याच अंशी टाळता येतील.