घरातले वाचन : निवड कुणाची?

घरात पुस्तके आली म्हणजे घर वाचू लागले असे होत नाही. ती निवडतो कोण, हा खरा प्रश्न आहे. सातारा जिल्ह्यातल्या फलटणच्या बेबीताई कांबळे दुकानात पुड्या बांधायच्या रद्दीतून वाचत. लेखन मात्र त्यांना नवऱ्यापासून लपवावे लागले. तेच ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले. म्हणून आमच्या घरी निवडीची पाळी आहे आणि पहिली पाळी आईची. तिला अक्षर येत नाही. ती विषय सांगते, आम्ही पुस्तक आणतो, रात्री एकाने मोठ्याने वाचायचे. वारणेकाठची माणसे तिने मागितली, तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊंची ‘फकिरा’ (१९५९) आणली. वाचलेले पुस्तक मग शेजारच्या घरी जाते. जिथे बाईला निवडीचा हक्क नाही, तिथे समतेची भाषा पोकळच!