विद्यापीठाचे चित्रदालन आणि आपण

गेल्या वर्षीची गोष्ट. इयत्ता नववीच्या वर्गाला मी सांगितले, की परवा आपण सर्वजण विद्यापीठाच्या ललितकला विभागात प्रदर्शन पाहावयास जाणार आहोत. वर्गात आनंदाची एक लहर उमटली. तास संपल्यावर मात्र एक मुलगी हळूच माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, आम्हांला आत सोडतील का?"

हा प्रश्न ऐकून मी क्षणभर निरुत्तर झाले. कारण हाच प्रश्न एकेकाळी मीही माझ्या मनाशी केला होता. पदवीच्या शिक्षणासाठी गोव्याहून मी या शहरात मावशीकडे राहावयास आले. जाता-येता त्या आवाराच्या फाटकातून झाडांखालचे पुतळे दिसत. आत जावे असे फार वाटे. परंतु ते स्थान कलावंतांचे, तेथे आपले काय काम, या संकोचाने मी दोन वर्षे रस्त्यावरूनच पाहत राहिले. ती दोन वर्षे फुकट गेली याची खंत मला आजही वाटते. आपल्या विद्यार्थ्यांची तशी जाऊ नयेत, म्हणून हा लेख.

प्रथम या संस्थेची थोडीशी ओळख करून घेऊ. वडोदऱ्याला कलेची परंपरा नवी नाही. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी 1890 मध्ये येथे कलाभवन स्थापन केले. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे काही काळ त्याच कलाभवनाचे विद्यार्थी होते. पुढे विश्वामित्रीच्या पुलाजवळील कीर्तिमंदिराच्या भिंतींवर शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी गंगावतरण, मीरेचे जीवन आदी विषयांवरील भव्य भित्तिचित्रे रंगविली. 1949 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना झाली, आणि लगेच 1950 मध्ये त्यात ललितकला विभाग सुरू झाला. चित्रकार आणि शिल्पकार यांना विद्यापीठाची पदवी द्यावी, त्यांनी हाताने काम करावे आणि त्याच वेळी कलेचा इतिहासही अभ्यासावा, ही कल्पना त्या काळी आपल्या देशात नवी होती.

आरंभीच्या अध्यापकांत आपल्या मराठी माणसांनी अभिमान बाळगावा असे एक नाव आहे: नारायण श्रीधर बेंद्रे. त्यांचा जन्म 1910 मध्ये इंदूर येथे झाला. तेथेच देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली त्यांनी कलेचे प्राथमिक धडे घेतले. 1950 मध्ये ते वडोदऱ्यास आले आणि 1966 पर्यंत येथे राहिले. शिल्पकार शंखो चौधरी आणि चित्रकार के. जी. सुब्रमण्यन हे त्यांचे सहकारी. म्हणजे इंदूरची रंगदृष्टी आणि शांतिनिकेतनची परंपरा या दोन धारा येथे एकत्र आल्या. त्यांच्या सहवासात ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाम मोहम्मद शेख यांच्यासारखे विद्यार्थी घडले.

आता मुख्य विषयाकडे वळू. विद्यापीठाचे चित्रदालन आणि वस्तुसंग्रहालय यांत एक महत्त्वाचा भेद आहे. सयाजीबागेतील संग्रहालयात आपण जे पाहतो ते जपून ठेवलेले असते. आज पाहिलेली वस्तू दहा वर्षांनीही बहुधा तेथेच सापडेल. चित्रदालन हे मात्र वाहत्या पाण्यासारखे आहे. तेथे काही दिवस चित्रे लागतात, मग उतरतात, आणि त्या जागी दुसरी येतात. कधी अध्यापकांची चित्रे असतात, कधी बाहेरगावच्या कलावंतांची. परंतु मला सर्वांत मोलाचे वाटते ते विद्यार्थ्यांचे वार्षिक प्रदर्शन. तुम्ही वर्षाअखेरीस उत्तरपत्रिका लिहिता आणि ती तुमच्याव्यतिरिक्त केवळ परीक्षक पाहतात. या विद्यार्थ्यांची उत्तरपत्रिका मात्र भिंतीवर टांगलेली असते, आणि ती साऱ्या नगराने पाहावी अशी त्यांची इच्छा असते. त्यांत यश दिसते, तसे चुकलेले प्रयोगही दिसतात.

या विभागाने आणखी एक सुंदर प्रथा पाडली. 1961 मध्ये येथे पहिला कलामेळा भरला. अध्यापक आणि विद्यार्थी यांनी मिळून खेळणी आणि शोभेच्या वस्तू घडविल्या आणि सामान्य माणसास परवडतील अशा किमतीत त्या विकल्या. सुब्रमण्यन यांच्यासारख्या थोर चित्रकारानेही त्या मेळ्यांसाठी लाकडी खेळणी केली. कला ही केवळ चौकटीत राहणारी वस्तू नव्हे, ती मुलांच्या हातातही शोभते, हे त्यांनी कृतीने दाखविले.

प्रदर्शन पाहण्यापूर्वी ते मांडतात कसे, हे जाणून घेणे उपयोगी आहे. चित्रे प्रथम जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवतात आणि त्यांचा क्रम लावतात. एक चित्र शेजारच्या चित्राला मारक ठरू नये, ही दक्षता घ्यावी लागते. भडक तांबड्या चित्राशेजारी एखादे नाजूक रेखाटन लाविले, तर ते दिसेनासे होते. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल असा ठेवतात. दिव्याचा प्रकाश वरून तिरका पाडतात, नाहीतर काचेवर चित्राऐवजी आपलाच चेहरा दिसावयाचा!

चित्राजवळ एक लहानशी चिठ्ठी असते. तिच्यावर कलावंताचे नाव, चित्राचे शीर्षक, माध्यम, आकार आणि वर्ष दिलेले असते. आकारात बहुधा उंची आधी आणि रुंदी नंतर लिहितात. काही चित्रांखाली पेन्सिलीने 3/10 असा आकडा दिसतो. हा गुणांचा आकडा नव्हे! जस्ताच्या अथवा तांब्याच्या पत्र्यावर आम्लाच्या साहाय्याने रेषा कोरून, त्यांत शाई भरून, दाबयंत्राखाली कागदावर ठसा उमटविण्याची एक कला आहे. अशा दहा ठशांपैकी हा तिसरा, असा त्या आकड्याचा अर्थ होय.

"पण बाई, चित्र समजत नाही, त्याचे काय?" असे तुम्ही विचाराल. माझी घरची बोली कोंकणी आहे. मी या शहरात आले तेव्हा मला गुजराती मुळीच येत नव्हते. ती भाषा मी व्याकरणाचे पुस्तक घेऊन शिकले नाही. भाजीबाजारात उभी राहून ऐकत गेले, चुकत गेले, आणि हळूहळू कान तयार झाला. चित्रांचेही तसेच आहे. प्रथम चिठ्ठी न वाचता चित्रापुढे थोडा वेळ स्वस्थ उभे राहावे. आपली दृष्टी आधी कोठे जाते आणि तेथून कोठे वळते, ते पाहावे. मग दूर जाऊन आणि जवळ येऊन पाहावे. शेवटी चिठ्ठी वाचावी. सारी चित्रे एका दिवसात पाहण्याचा हव्यास धरू नये. तीन चित्रे नीट पाहिली तरी पुष्कळ झाले.

शिवाय चित्रांचा विषय आपल्यापासून दूरच असतो, असेही नाही. भूपेन खक्कर हे व्यवसायाने हिशेबनीस. 1962 मध्ये ते मुंबईहून येथे कलेच्या अभ्यासासाठी आले. त्यांनी घड्याळे दुरुस्त करणारा, शिंपी, न्हावी अशा साध्या दुकानदारांना आपल्या चित्रांत मानाचे स्थान दिले. राघव कनेरिया यांनी भंगारातील लोखंड जोडून शिल्पे घडविली.

या लोखंडावरूनच आमच्या सहलीतील प्रसंग आठवतो. एका विद्यार्थ्याने घडविलेल्या लोखंडी शिल्पापुढे आमचा एक अबोल मुलगा बराच वेळ रेंगाळला. त्याचे वडील वेल्डिंगचे काम करतात. मी जवळ गेले तेव्हा तो म्हणाला, "बाई, हे टाके मुद्दाम असेच ठेवले आहेत. बाबांनी असते तर ग्राइंडर मारून गुळगुळीत केले असते." ते शिल्प घडविणारा तरुण मागेच उभा होता. तो पुढे आला आणि म्हणाला, "सकाळपासून इतके लोक येऊन गेले, पण हे तूच ओळखलेस." मग ते दोघे किती तरी वेळ टाक्यांविषयी बोलत उभे राहिले. मी, पदवीधर शिक्षिका, बाजूला उभी राहून ऐकत होते. त्यांतले निम्मे मला नवीन होते.

परतताना तो मुलगा मला म्हणाला, "बाबांना घेऊन येऊ का, बाई? उद्या रविवार आहे." आणि तो खरोखरच त्यांना घेऊन गेला. वडिलांनी काय पाहिले ते मला ठाऊक नाही. परंतु सोमवारी त्या मुलाने वर्गात प्रथमच आपण होऊन हात वर केला.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, 'आम्हांला आत सोडतील का?' या प्रश्नाचे उत्तर एव्हाना तुमच्या ध्यानी आलेच असेल. वार्षिक प्रदर्शनाला तिकीट लागत नाही. चित्रांना हात लावू नये आणि मोठ्याने बोलू नये, एवढेच पथ्य. पालकांनाही माझी विनंती आहे, की एखादे दिवशी मुलांसमवेत आपणही जावे. ज्याने ते काम केले तो बहुधा तेथेच असतो, आणि त्याचे काम कोणीतरी नीट पाहावे एवढीच त्याची अपेक्षा असते. फाटक उघडेच असते. बाहेर दोन वर्षे उभे राहण्याचे कारण नाही.