दातेरी चाकू की साधी धार?

बकरी ईद जवळ आली की घराघरांतल्या छुऱ्या बाहेर निघतात आणि धारवाल्याची वाट पाहणे सुरू होते. सायकल स्टँडवर चढवून, पायडल मारत ठिणग्या उडवणारा हा माणूस आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पूर्वी गल्लोगल्ली यायचा. आता कधी येतो, कधी येत नाही. बाजारात मात्र ‘गंजणार नाही, धार लावायची गरज नाही’ असे सांगून स्टीलचे दातेरी चाकू विकले जातात. बचत होईल म्हणून आम्हीही एक घेतला. सोबत त्याच दुकानातून तेवढ्याच लांबीचा साध्या धारेचा चाकूही आणला आणि महिनाभर दोन्ही स्वयंपाकघरात वापरून पाहिले.

पहिल्या आठवड्यात साधा चाकू सरस ठरला. कांदा पातळ, मटणाच्या फोडी स्वच्छ. दातेरीने कांद्याच्या कडा फाटत आणि रस जास्त सुटून डोळ्यांना अधिक झोंबे. तिसऱ्या आठवड्यात चित्र पालटले. साधा चाकू टोमॅटोच्या सालीवरून घसरू लागला, दातेरी मात्र अजून कापत होता. अम्मी म्हणाल्या, “बघा, पैसे यातच वसूल झाले.”

आम्हालाही तसेच वाटले होते. पण दातेरीची धार खरोखर टिकते का? धार जाते ती मुख्यतः तीन कारणांनी: पात्याची बारीक कड वाकते, झिजते किंवा तिचे कण उडतात. साधा चाकू पाटावर टेकला की त्याची कड पाटाला घासते. दातेरीची फक्त टोके टेकतात, दोन दातांमधल्या खाचा वरच राहतात, म्हणून तिथली धार वाचते. शिवाय सगळा दाब टोकांवर येत असल्याने ती सालीत चटकन रुततात. टोके बोथट झाली तरी दातेरी चाकू करवतीसारखा ओढून काम निभावतो. म्हणजे धार गेली तरी ते लवकर कळत नाही, इतकेच.

आपल्या शेतात हे जुन्या अनुभवाचे आहे. सोयाबीनची वाळलेली, चिवट झाडे कापताना साध्या विळ्याला पुन्हा पुन्हा धार लावावी लागते. ‘वैभव’ विळा दातेरी आहे तो याचसाठी. मुठीत धरलेली झाडे ओढून कापायची असतात, तिथे दाते उपयोगीच. पण सोयाबीनचे खोड फाटले तरी बिघडत नाही. स्वयंपाकघरात आणि कुर्बानीत बिघडते.

आता स्टीलविषयी. इंग्लंडमधील शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेले न गंजणारे पोलाद तयार केले. ते बंदुकीच्या नळीची झीज थांबवण्याचा उपाय शोधत होते. सुरुवातीला तिथल्या चाकूवाल्यांनी ‘न कापणारे चाकू’ म्हणून त्यांची थट्टा केली होती. गंज न लागणे आणि धार टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रोमियम गंज रोखते. धार टिकते ती पोलादातल्या कार्बनवर आणि ते किती नीट तापवून कडक केले यावर. स्वस्त चाकूचे स्टील बहुधा मऊ असते आणि दाते पाडल्याने तो मऊपणा झाकला जातो.

चाकू तपासण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकातही (आयएसओ ८४४२-५) घरी धार लावता येणारी आणि न येणारी पाती वेगळी धरली आहेत. वापरणाऱ्याने पाहायचा फरक हाच आहे. महिन्याच्या शेवटी आम्ही चिनी मातीचा कप उलटा ठेवला आणि त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर साधा चाकू दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा फिरवला. पात्याची पाठ थोडी उचललेली, म्हणजे साधारण २० अंशांचा कोन. पाच मिनिटांत टोमॅटोच्या चकत्या पुन्हा पातळ निघू लागल्या. दातेरीचे तसे होत नाही. त्याची प्रत्येक खाच बारीक गोल कानशीने वेगळी घासावी लागते. सपाट दगडावर घासला तर टोकेच जातात. म्हणून तो बोथट झाला की बहुतेक घरांत फेकूनच दिला जातो.

कुर्बानीसाठी तर साधी धारच हवी. दाते ओढतात, फाडतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रत्येक कामात एहसानची, म्हणजे ते उत्तम रीतीने करण्याची ताकीद दिली आणि जबह करणाऱ्याने छुरीला धार लावून जनावराला आराम द्यावा, असे सांगितले. हजरत शद्दाद बिन औस (रजि.) यांची ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. जनावराच्या डोळ्यांसमोर धार लावू नये, हीसुद्धा शिकवण आहे. तेव्हा हे काम ईदच्या सकाळी घाईने नव्हे, आदल्या दिवशीच उरकावे.

घरासाठी आमचा निर्णय असा: पाव आणि टोमॅटोसाठी दातेरी, बाकी सगळ्यासाठी साधा चाकू. स्टीलच्या ताटात किंवा ओट्याच्या दगडावर कापू नये, लाकडी पाट घ्यावा. लिंबू, टोमॅटो, मीठ लागलेला चाकू लगेच धुऊन पुसावा, न गंजणाऱ्या स्टीलच्या कडेलाही आंबट आणि खारट बाधते. आठवड्यातून एकदा कपाची कड पुरते. बोथट चाकूला जोर लावावा लागतो, मग तो घसरतो आणि बोट कापते. धार असलेला चाकूच कमी धोक्याचा.

आणि धारवाला आला तर त्याला परत पाठवू नका. आपल्यातले शिकलगार हे आडनाव याच कामावरून आले. घासून लखलखीत करणे या अर्थाच्या ‘सैकल’ शब्दाशी त्याचे नाते आहे. आपण दर वर्षी नवा दातेरी चाकू घेतो, तेव्हा जुना कचऱ्यात जातो आणि या माणसाची मजुरीही बुडते. साधा चाकू घरात असला, तर दोन्ही वाचतात.