रोझमेरी तहानेने मरत नाही, पाण्याने मरते

केसांसाठी रोझमेरीचे पाणी हा सध्या घराघरांत मुलींच्या बोलण्यातला विषय आहे. वर्गातही मुली विचारतात, "टीचर, हे झाड आपल्याकडे येतं का?" येते. पिंपळगावच्या उन्हात चांगले येते. अडचण पावसाळ्याची आहे.

रोझमेरी मूळची भूमध्य समुद्राच्या काठची: स्पेन, इटली, मोरोक्को, ट्युनिशिया. अरबीत तिला 'इकलीलुल जबल' म्हणतात, म्हणजे डोंगराचा मुकुट. या नावातच तिची निगा सांगितलेली आहे. खडकाळ उतार, पाणी न साचणारी माती आणि भरपूर ऊन ही तिची जागा. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडे ऐन दमट हवेत चार महिने पाऊस. त्यात आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. पुदिना, सब्जा याच कुळातले, पण पुदिन्यासारखे रोज पाणी हिला घालू नये.

म्हणून रोझमेरी कुंडीतच लावावी. तळाला भोक असलेली मातीची कुंडी घ्यावी. साधी माती, जाड वाळू आणि कुजलेले शेणखत सारख्या प्रमाणात मिसळावे. तळाला विटांचे तुकडे टाकावेत. रोज किमान सहा तास ऊन मिळावे. दोन इंच खोल बोट घालून पाहावे, माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. जूनमध्ये कुंडी पडवीत घ्यावी, जिथे पाऊस लागणार नाही पण वारा खेळेल. निफाडची थंडी तिला सोसते.

बी उगवायला फार वेळ घेते, त्यापेक्षा काडी लावणे सोपे. ऑक्टोबरनंतर चार-पाच इंचांचा कोवळा शेंडा घ्यावा, खालची पाने काढावीत आणि ओलसर वाळूत सावलीला खोचावा. महिना-दीड महिन्यात मुळे फुटतात.

द्राक्षबागेची सवय असलेल्यांनी एक जपावे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेल पुन्हा फुटते, रोझमेरीचे तसे नाही. जुन्या, पाने नसलेल्या लाकडापर्यंत कापली तर ती सहसा फुटत नाही. हिरवा शेंडाच खुडावा, झाड आपोआप दाट होते. भुरी हिच्यावरही येते. पाने खायची असल्याने बागेतले औषध फवारू नये. रोगट फांद्या काढून कुंडी मोकळ्या हवेत ठेवावी.

राहिला केसांचा प्रश्न. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टक्कल पडू लागलेल्या १०० पुरुषांवर सहा महिने प्रयोग झाला. रोझमेरी तेल आणि २ टक्के मिनॉक्सिडिल यांच्या परिणामात मोठा फरक आढळला नाही. पण तो प्रयोग तेलाचा होता, उकळलेल्या पाण्याचा नव्हे, आणि एवढ्या एका अभ्यासावर खात्री देता येत नाही. रक्त कमी असल्याने किंवा थायरॉइडमुळे केस गळत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवावे. रोझमेरीचे शुद्ध अर्कतेल थेट त्वचेला लावू नये, पोटात तर मुळीच घेऊ नये.

स्वयंपाकात मात्र खात्रीने उपयोग होतो. मटण भाजताना किंवा बटाटे परतताना एक छोटी डहाळी पुरे. वास तीव्र असतो, म्हणून बेताने घालावी.

उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण असते, तेव्हा गच्चीवरच्या कुंड्या आधी सुकतात. अशा घरात थोडक्या पाण्यावर हिरवे राहणारे हे झाड असावे.