झाडणे, घासणे, विसळणे

नायगावच्या बीडीडी चाळी: मूळ 42. बांधकाम 1920 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटचं. तळमजला अधिक तीन मजले, खोली सुमारे 160 चौरस फूट, संडास सामायिक. एवढ्या जागेतही साफसफाईची क्रियापदं भरपूर.

• घासणे: जोर लावून, काथ्या किंवा घासणीने. भांडी आणि मोरी दोन्ही घासतात. करपलेलं पातेलं आधी खरवडतात.

• विसळणे: घासलेलं भांडं पाण्यातून काढणे. चहाचा कप नुसता विसळला तरी चालतो.

• खंगाळणे: आत पाणी घालून हलवणे. कळशी, बाटली खंगाळतात. साबण लावलेले कपडे खळबळतात, मग पिळतात.

• झाडणे: कोरडं काम. केर ‘काढतात’, जळमटंही ‘काढतात’. अंथरूण मात्र झाडतात.

• पुसणे: ओल्या फडक्याने. मुंबईत लादी, पुण्यात फरशी.

• सारवणे: मातीच्या जमिनीला शेणाने. लादीच्या खोलीत हे क्रियापद गावच्या घरापुरतं उरलं.

साधनं: केरसुणी शिंदीच्या पानांची, खराटा माडाच्या हिरांचा. लक्ष्मीपूजनाला पूजा केरसुणीची. नवी आणून तिला हळद-कुंकू वाहतात.